वाचलेला वेळ कोणाच्या खात्यात?

(एका सार्वजनिक वाचनालयाच्या स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



संयोजकांनी विषय दिला तो असा: 'इंटरनेटमुळे वेळ वाचतो की वाया जातो?' शालेय वादविवाद स्पर्धेला हा विषय फार सोयीचा आहे. एक बाजू गुगलची स्तुती करते, दुसरी मोबाइलच्या व्यसनावर बोलते, परीक्षक दोघांनाही गुण देतात आणि मुलं ढाल घेऊन घरी जातात. मोठ्यांच्या व्याख्यानमालेत मात्र अडचण अशी की दोन्ही बाजू खऱ्या आहेत. वेळ वाचतोही आणि वाया जातोही, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला आज सकाळपासूनच्या अनुभवावरून ठाऊक आहे. तेवढंच ऐकायला कुणी जेवणाची वेळ पुढे ढकलून इथवर येऊ नये.

मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. बँकेच्या माणसाला 'दहा हजार आले' एवढं सांगून भागत नाही. ते कोणाच्या खात्याला जमा आणि कोणाच्या नावे, हे सांगावं लागतं. नाहीतर ती रक्कम 'सस्पेन्स' खात्यात पडून राहते आणि तपासनीस आला की सगळ्यांची धावपळ होते. त्यामुळे कुणी 'वेळ वाचला' म्हणालं की माझ्या तोंडून आपोआप प्रश्न निघतो, कोणाच्या खात्यात? आणि 'वेळ वाया गेला' म्हणालं की विचारावंसं वाटतं, तो उचलला कोणी? ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या गुरुजींनी या वाचनालयाचा जमाखर्च वर्षानुवर्षं स्वतःच्या हातांनी लिहिला, असं आत्ता प्रास्ताविकात ऐकलं. तेव्हा माझी ही हिशेबी भाषा त्यांना खटकली नसती.

आधी जमेची बाजू, आणि ती मी हात राखून सांगणार नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा मुंबईतल्या माणसाला गावाकडे पैसे पाठवायचे तर मनीऑर्डर किंवा डिमांड ड्राफ्ट. ड्राफ्ट काढायचा म्हणजे स्लिप भरा, रांगेत उभे राहा, रोख भरा, पितळी बिल्ला घेऊन बाकावर बसा, अधिकाऱ्याची सही होईपर्यंत थांबा, मग तो रजिस्टर टपालाने धाडा. गावाकडच्या माणसाने तो आपल्या खात्यात भरायचा आणि पुन्हा वाट पाहायची. यात एका कामगाराची निदान अर्ध्या दिवसाची रजा जाई. कोकणातल्या कितीतरी चुली गिरणीतून येणाऱ्या मनीऑर्डरवर पेटत होत्या आणि पोस्टमन चार दिवस उशिरा आला तर वाण्याची उधारी वाढत होती. 2005 च्या नोव्हेंबरमध्ये एनईएफटी आली, 2016 मध्ये यूपीआय आलं, 2019 च्या डिसेंबरपासून एनईएफटी रात्रंदिवस, रविवारीसुद्धा चालू झाली. 2025 च्या ऑगस्ट महिन्यात यूपीआयवर दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. यातले सगळे काही आधी बँकेच्या रांगेत होणारे नव्हते, चहाचे दहा रुपयेही त्यात आहेत. तरी वाचलेल्या तासांची बेरीज करायला बसलं तर आकडा डोळे फिरवील.

पेन्शनरांचा नोव्हेंबर महिना आठवा. हयातीच्या दाखल्यासाठी ऐंशी वर्षांच्या बाईला रिक्षात घालून शाखेत आणायचे, आणि आमचा कारकून 'साहेब जेवायला गेलेत' म्हणायचा. बाई समोर जिवंत बसलेली, पण जिवंत असल्याची सही साहेबांचं जेवण होईपर्यंत नाही! 2014 मध्ये 'जीवन प्रमाण' सुरू झालं, पुढे चेहरा ओळखून घरबसल्या दाखला देण्याचीही सोय झाली. यात कुणाचं काही बुडालं असेल तर रिक्षावाल्याचं.

जुन्या रांगांबद्दल अलीकडे फार हळवं बोललं जातं. रांगेत ओळखी होत, सुखदुःखाच्या गोष्टी निघत वगैरे. निघत असतीलही. मी काउंटरच्या आतल्या बाजूला होतो, मला बाहेरच्यांच्या तोंडून जे ऐकू येई ते इथे सांगण्यासारखं नाही.

आता त्याच काउंटरच्या आत या. ग्राहकाचा अर्धा दिवस वाचला, मग आमचाही वाचला असला पाहिजे. 1983 मध्ये बँक व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला. पुढच्याच वर्षी डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला. तेव्हा आमच्यात भीती होती ती नोकऱ्या जाण्याची. वेळेचं काय होईल याची चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. सहामाही ताळमेळाच्या वेळी एक रुपया दहा पैशांचा फरक सापडेपर्यंत घरी जायचं नाही, असे ते दिवस. सगळी शाखा खतावण्या पसरून बसलेली, वडापावाचे कागद इकडेतिकडे, आणि मध्यरात्री कुणीतरी ओरडायचं, 'सापडला!' सातचा एक वाचला गेलेला असायचा. संगणक आला, मग कोअर बँकिंग आलं, आणि तो फरक शोधण्याचं कामच उरलं नाही. तर्काने पाहिलं तर आम्ही पाचच्या ठोक्याला घरी जायला हवं होतं.

तसं झालं नाही. खतावणीतून सुटलेल्या वेळेला विमा पॉलिसी, म्युच्युअल फंड आणि क्रेडिट कार्डं विकण्याचं उद्दिष्ट चिकटलं. कारकुनांच्या जागा भरणं कमी होत गेलं, उरलेल्यांवर काम वाढत गेलं. पुढे वरच्या कार्यालयाचा व्हॉट्सॲप ग्रुप निघाला. रात्री साडेनऊला त्यावर शाखानिहाय आकड्यांचा तक्ता यायचा, तळातल्या पाच शाखा लाल रंगात. मग एकेक जण 'नोटेड सर', 'विल डू सर' लिहायचा. मी घरी आहे की शाखेत, असा प्रश्न त्या वेळी बायकोने विचारला असता तर मला खरं उत्तर देता आलं नसतं. खतावणीच्या दिवसांत उशीर झाला तरी तो वर्षातून दोनदा व्हायचा आणि त्याला ओव्हरटाइम मिळायचा. तक्ता रोज यायचा, ओव्हरटाइमचं नावही निघत नसे.

योगायोग असा की त्याच 1983 साली रूथ श्वार्ट्झ कोवान या अमेरिकन इतिहासकार बाईंचं 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक आलं. चूल गेली, गॅस आला, धुण्याचं यंत्र आलं, व्हॅक्यूम क्लीनर आला, तरी घरच्या बाईचे कामाचे तास का कमी झाले नाहीत, हा त्यांचा शोध. त्यांना दिसलं ते असं की कपडे धुणं सोपं होताच कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले, स्वच्छतेची अपेक्षा वाढली, आणि पूर्वी जी कामं नवरा, मुलं, नोकर किंवा धोबी करत तीही यंत्राच्या जोरावर एकट्या बाईकडे आली. इंटरनेटबद्दल पुढे जे घडलं ते या पुस्तकात आधीच लिहून ठेवलेलं आहे, फक्त यंत्राचं नाव बदलायचं. पत्राला आठवड्याने उत्तर चालत असे. ईमेलला दुसऱ्या दिवशी चालायचं. आता निळ्या खुणा दिसल्या आणि दहा मिनिटं गेली की समोरचा फोन करतो, 'पाहिलं ना?' पत्र लवकर पोहोचू लागलं, आणि आपण रोज कितीतरी जास्त पत्रं लिहू लागलो.

आपल्याकडचे आकडेही पाहा. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं, पुन्हा 2024 मध्ये केलं. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया 2019 मध्ये त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या. 2024 मध्ये 289. मधल्या पाच वर्षांत स्वस्त डेटा खेड्यापाड्यांत पोहोचला, बिलं फोनवर आली, किराणा आणि भाजी मुंबई-पुण्यात दहा-पंधरा मिनिटांत दारात येऊ लागली. एवढ्या सगळ्या खटाटोपानंतर बाईच्या खात्यात जमा झाली दहा मिनिटं. तीही कोणामुळे, ते सर्वेक्षण सांगत नाही. घरकाम करणाऱ्या पुरुषांचा वेळ 97 वरून 88 मिनिटांवर आला, म्हणजे पुरुषांनी जास्त हात लावला म्हणून बायका सुटल्या असंही नाही. शाळेचा ग्रुप, क्लासचा ग्रुप, रिक्षावाल्या काकांचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, आणि उद्या मुलाला पिवळा टी-शर्ट घालून पाठवायचा हा रात्री दहाचा निरोप. यातला बराच मोठा भाग आई वाचते. ही मिनिटं त्या 289 मध्ये धरली गेली की मनोरंजनात, कोण जाणे. फोन हातात असलेली बाई दुसऱ्याला रिकामी दिसते!

दुसरी गोष्ट, काम नाहीसं न होता एका माणसाकडून दुसऱ्याकडे जाणं. बँकेत जो खातेक्रमांक कारकून लिहायचा तो आता ग्राहक लिहितो, दोनदा लिहितो, आयएफएससी शोधतो, ओटीपी येईपर्यंत थांबतो. चुकला तर चूकही त्याची. शेतकऱ्याचं उदाहरण जास्त बोलकं आहे. डिजिटल सहीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला, ही मोठी सोय झाली. तलाठी सापडत नाही म्हणून तालुक्याच्या गावी मुक्काम केलेले लोक मी कर्जाच्या टेबलावर पाहिलेले आहेत. त्यांचे दोन-दोन दिवस वाचले. 2021 च्या स्वातंत्र्यदिनी 'ई-पीक पाहणी' राज्यभर सुरू झाली. आता पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची: शेतात उभं राहून फोटो काढायचा, गट क्रमांक निवडायचा, पीक, क्षेत्र, सिंचनाचं साधन भरायचं, आणि रेंज मिळेल तिथे जाऊन ते पाठवायचं. तलाठी पूर्वी खरोखर प्रत्येक बांधावर जात होता का, हा वेगळा विषय आहे आणि त्याचं उत्तर इथल्या शेतकऱ्यांना माहीत आहे. स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः करता येणं हा अधिकारही आहे. पण सरकारी दप्तरातलं पगारी काम शेतकऱ्याच्या दिवसात बिनपगारी येऊन बसलं, ही नोंद हिशेबात व्हायला हवी. ज्याला ॲप जमत नाही तो शेजारच्या मुलाला पेट्रोलचे पैसे देऊन नेतो. सरकारच्या कागदावर मात्र वेळेची बचत झालेली आहे.

रेल्वेची तात्काळ तिकिटंही तशीच. आयआरसीटीसीवर 2002 मध्ये ऑनलाइन आरक्षण सुरू झालं, तेव्हापासून रात्रभर स्टेशनवर चादर पसरून झोपणं कमी झालं. पण सकाळी दहाला वातानुकूलित आणि अकराला बिगर-वातानुकूलित तिकिटं सुटतात, तेव्हा घराघरांत माणसं नऊ पंचावन्नपासून अंगठा उगारून बसलेली असतात. आपला नंबर कितवा आहे, पुढे किती आहेत, कुणी मध्ये घुसला का, यातलं काही दिसत नाही. स्टेशनवरच्या रांगेत मध्ये घुसणाऱ्याला निदान हटकता यायचं.

म्हणजे वाचलेल्या वेळेचा मोठा, अखंड तुकडा बहुतेक वेळा संस्थेच्या खात्यात गेला. काउंटर कमी झाले, माणसं कमी झाली, इमारतीचं भाडं वाचलं. आपल्या वाट्यालाही आला, नाही असं नाही, पण चिल्लर होऊन. अर्ध्या दिवसाची रजा अखंड होती. ड्राफ्ट काढून झाला की माणूस मावशीकडे जाऊन यायचा. आता इथे चार मिनिटं, तिथे सात मिनिटं सुटतात, आणि सात मिनिटांत मावशीकडे जाता येत नाही. ज्या फोनवर वीजबिल भरून आपण ती मिळवतो त्याच फोनवर ती खर्च करायचीही व्यवस्था आहे.

इथे विचलित होण्याचा विषय येतो. तो मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण सगळी चर्चा तिथूनच सुरू होते आणि तिथेच अडकते.

15 ऑगस्ट 1995 रोजी विदेश संचार निगमने आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हा ते तासांवर विकलं जात होतं. सायबर कॅफेतही ताशी दर. काय पाहायचं त्याची चिठ्ठी खिशात घेऊन मुलं जात, आणि शेवटची पाच मिनिटं राहिली की धडाधड प्रिंट काढत. वेळ बिलावर छापलेला असायचा. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओ आलं, सुरुवातीला फुकट, मग दिवसाला एक जीबी, दीड जीबी, दोन जीबी. माझ्या मते गेल्या तीस वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हा आहे, आणि त्याबद्दल फारसं बोललं जात नाही. वेळ बिलावरून निघून गेला. उलट रात्री बाराला उरलेला डेटा बाद होतो, म्हणून साडेअकराला माणसाला वाटतं की आपलं नुकसान होतंय, काहीतरी पाहून टाकू. खर्च न केल्याचा दंड असणारं असं दुसरं खातं माझ्या पाहण्यात नाही. 2016 च्या आधी मोबाइलवर महिन्याला एक जीबीसुद्धा न वापरणारा सरासरी ग्राहक 2024 पर्यंत वीस जीबीच्या घरात गेला.

त्याच वेळी पडद्याच्या पलीकडे दुसरी तयारी चाललेली होती. पान संपलं की 'पुढे' असं बटण दाबावं लागे, तेवढ्यात माणूस भानावर येई. 2006 मध्ये एझा रास्किन या तरुण संगणक-रचनाकाराने ते बटणच काढून टाकणारी युक्ती शोधली: खाली सरकवत राहा, मजकूर येत राहील. पुढे त्याने स्वतःच जाहीरपणे पश्चात्ताप व्यक्त केला, पण तोवर ती सगळ्यांनी उचलली होती. कॅलिफोर्नियातल्या ग्लोरिया मार्क या संशोधक बाईंनी माणसं एका पडद्यावर सलग किती वेळ टिकतात ते वर्षानुवर्षं मोजलं. 2004 च्या सुमारास सरासरी अडीच मिनिटं, अलीकडच्या वर्षांत 47 सेकंद. त्यांची मोजणी मुख्यतः कार्यालयात काम करणाऱ्या माणसांची आहे, रिकामटेकड्यांची नव्हे.

आणि एक प्रसंग तर आपल्याच देशातला. 29 जून 2020 रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. कोट्यवधी लोकांचा त्यावर जाणारा रोजचा वेळ एका रात्रीत मोकळा झाला. बंदीची कारणं राष्ट्रीय सुरक्षेची होती, वेळेची नव्हती, पण प्रयोग म्हणून पाहिलं तर असा प्रयोग पुन्हा होणे नाही. त्या वेळेचं काय झालं? पुस्तकं विकली गेली? दोन आठवडेही उलटले नाहीत तोच इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणलं. त्यांना ते तास दिसत होते, तुमच्या-माझ्या आधी दिसत होते.

तरीही दोष आपण आपल्यालाच देतो. मुलांना शिस्त नाही, आपल्याला संयम नाही, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, सकाळी उठल्यावर पाहू नका. सल्ले चांगले आहेत, मीही ते देतो आणि थोडेफार पाळतो. पण एका बाजूला पगारी अभियंत्यांची फौज आणि दुसऱ्या बाजूला दमून घरी आलेला एकटा माणूस, हा सामना संयमाच्या बळावर जिंकायला सांगणं मला गैर वाटतं. उद्दिष्टांचा तक्ता रात्री साडेनऊला पाठवणाऱ्या साहेबाला कुणी 'संयम ठेवा' म्हटल्याचं ऐकलं आहे का?

फ्रान्सने 2017 च्या 1 जानेवारीपासून कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेलपासून अलिप्त राहण्याचा हक्क कायद्यात आणला. ऑस्ट्रेलियाने 2024 मध्ये आणला. आपल्याकडे 2018 च्या डिसेंबरमध्ये बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत याच आशयाचं खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकांचं आपल्याकडे जे होतं तेच त्याचं झालं. त्या वेळी टीव्हीवरच्या चर्चेत एक उद्योजक हसून म्हणाले होते, भारतासारख्या देशाला हे परवडणार नाही. कोणाला परवडणार नाही, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

शेवटी सांगली जिल्ह्याकडे येतो. कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. 2022 च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास त्या गावाने ठरवलं की संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. कोरोनाच्या काळात शाळा फोनवर भरल्या आणि शाळा उघडल्यावरही फोन हातातून सुटेना, हे त्यामागचं कारण. देशभरातल्या वृत्तपत्रांनी ती बातमी कौतुकाने छापली, परदेशी वाहिन्याही येऊन गेल्या. मला त्यातलं कौतुकापलीकडचं एक दिसतं. पहिल्या दिवसांत आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लोकांना सांगत होते. म्हणजे ज्या कामासाठी आपण एकट्या माणसाकडून मनोनिग्रह मागतो त्या कामाला तिथे अख्खी ग्रामसभा आणि घरोघरची पायपीट लागली, आणि मागणी केवळ दीड तासाची होती. भोंग्याच्या त्या दीड तासात एखाद्याने दार लावून फोन पाहिला असेल, पाहू दे. शेजारच्या पोराला 'तुझ्याकडे का चालू?' असं विचारण्याचा अधिकार गावाला मिळाला.

शहरात असा भोंगा कोण वाजवणार, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. मी आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत हा विषय मांडला होता. पार्किंग आणि गळतीनंतर, 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली. अध्यक्षांनी तो नोंदवून घेतला आणि सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यावर सविस्तर चर्चा करू असं सांगितलं.